दादूसचा स्कोअर

माझं काम काय आहे हे गावात कोणालाच धड सांगता येत नाही. आई विचारणाऱ्याला सांगते, "बेलापूरला हाफिसात बसून ती मानसं मोजते." लोकांना वाटतं जनगणना. पण आईचं म्हणणं फारसं चुकीचं नाही.

एखादी बाई रील टाकते आणि हजारो लोक तिला फॉलो करतात. क्रीमवाली कंपनी आम्हाला विचारते, हिचं खरंच कोणी ऐकतं का? मग आम्ही तिचं खातं तपासतो. तिने काही टाकलं की किती जण बोलतात, काय बोलतात, किती वेळ थांबतात. आणि त्याही आधी, ही माणसं खरी आहेत की विकत आणलेली. या सगळ्याचा शंभरपैकी एक आकडा निघतो, तो स्कोअर. त्या आकड्यावर कोणाला काम मिळतं, कोणाचं जातं.

खोटी खाती ओळखण्यात मी आमच्या ऑफिसात सगळ्यात पुढे आहे. हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण ते तसं आहे. नवीन मुलं लागली की त्यांना मीच शिकवते. एकच फोटो वीस खात्यांवर दिसला, तेच वाक्य पाच मिनिटांत सगळ्यांनी लिहिलं, खातं परवा उघडलं आणि जगात एकाच माणसाला फॉलो करतंय, की समजायचं ते खोटं. खाती विकणारे लोक आळशी असतात. ते प्रत्येकाला वेगळा चेहरा देत बसत नाहीत.

मी बी.एस्सी. केलं ते संख्याशास्त्र घेऊन. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. निकाल लागला तेव्हा बाबांनी करावे गावाच्या नाक्यावर बॅनर लावला होता. मध्ये मी, काळा झगा आणि तिरकी टोपी घालून. खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या, निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल. वाढदिवस असो, बारसं असो, कोणी पोलीस भरतीत पास होवो, आमच्याकडे बॅनर लागतो आणि त्यावर आपलं तोंड असावं लागतं. ज्याचं तोंड राहून जातं तो वर्षभर बोलत नाही. सीवूड्सच्या टॉवरमधले लोक हे बॅनर बघून नाक मुरडतात. मुरडू देत. कोण कोणाच्या मागे उभं आहे, हे आम्ही असंच दाखवत आलो.

त्या वेळी माझ्या बॅनरसाठी सगळ्यांचे फोटो गोळा केले ते दादूसने. दादूस म्हणजे माझा चुलतभाऊ, मोठ्या काकांचा मुलगा. आमच्यात मोठ्या भावाला दादूस म्हणतात, पण याला अख्खा गावच दादूस म्हणतो, त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा. टॉवरखाली मासे विकणाऱ्या आमच्या बायकांच्या टोपल्या पालिकेने गाडीत भरून नेल्या की पहिला फोन त्याला. डायलिसिसला कोणाला न्यायचंय, गाडी त्याची. कोणी गेलं की लाकडापासून दाखल्यापर्यंत तो. शिक्षण आठवी नापास. हे तो स्वतःच सांगतो आणि वर हसतो, "नववीत मास्तरला तरास नको."

ज्या पक्षाचे झेंडे त्याने मिसरूड फुटल्यापासून बांधले, त्या पक्षाचं नगरसेवकपदाचं तिकीट त्याला हवं होतं. पहिल्यांदाच त्याने स्वतःसाठी काही मागितलं होतं. पण पक्षाने या वेळी इच्छुकांसाठी नवी अट घातली. अर्जाबरोबर सोशल मीडियाचा रिपोर्ट. आणि तो रिपोर्ट करायचं काम आलं आमच्याच ऑफिसला.

दादूस माझ्या कामोठ्याच्या फ्लॅटवर आला तो पिशवीत खाडीचे निवटे घेऊन. माझा नवरा साताऱ्याकडचा, त्याला जिवंत मासा पिशवीत उड्या मारताना बघवत नाही. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

"तुझ्याच हाफिसातशी माझा रिपोट जानार," दादूस म्हणाला. "म्हाईत हाय ना?"

"माहीत आहे. पण मी त्याला हात लावू शकत नाही, दादूस. घरच्या माणसाची फाईल दुसऱ्याकडे जाते."

"हात लाव असं कोन बोल्लं? जे हाय ते मोजा. आपल्याला कशाचं टेन्शन? अख्खा गाव मागं हाय."

मला ते आवडलं. मलाही तेच वाटत होतं, की इतकी वर्षं क्रीमवाल्या बायकांचे आकडे काढले, आता एकदा तरी खरं काहीतरी मोजलं जाईल. "खातं जरा वापरत जा, रोज काहीतरी टाक," एवढंच मी त्याला सांगितलं. तो जाताना गॅलरीकडे बघून ओरडला, "जावय, पलाले निवटे! या घरात."

दोन आठवडे मी गावात गेले नाही. गेले तो रविवार होता. आईने दारातच फोन पुढे केला.

"बघ बाय. मी पन फालोवर."

आईचं खातं. फोटोच्या जागी आईचा चेहरा नव्हता, दादूसचा होता. फेटा बांधलेला, हात जोडलेले, बॅनरवर असतो तोच. तिने फॉलो केलेला माणूस एकच, दादूस. त्याच्या प्रत्येक फोटोखाली तिने लिहिलं होतं, "दादूस म्हणजे दादूस" आणि पुढे लाल हृदय.

"हे कोणी करून दिलं?"

"देवलात. आरती झाली की समदी बसतात, तिथं वायफाय फुकट हाय. सगल्यांनी एकदम टाकायचं ठरलंय. एकदम टाकलं की जोर दिसतो."

मी देवळात गेले. संध्याकाळची आरती नुकतीच संपली होती. सभामंडपात बायका मांडी घालून, फोन नाकाशी धरून बसल्या होत्या. समोर पुरुष. ज्याच्या हातात फोन होता त्या प्रत्येकाच्या फोटोच्या जागी दादूस. खाली सगळ्यांचं आडनाव तेच, कारण आमच्या आळीत आडनाव एकच आहे. एक काकू म्हणाली, "चला, झाला काय परसाद खाऊन? टाका आता." आणि सगळ्यांनी एकदम टाकलं.

मी काकूसमोर जाऊन बसले.

"काकू, हे असं नका करू. फोटो आपापला लावा. वेगवेगळं लिहा. एका वेळी सगळ्यांनी नका लिहू."

"का ग?"

"मशीनला वाटतं की ही खोटी माणसं आहेत."

काकूने फोन खाली ठेवला. "बॅनरवर आपन त्याच्या पायाशी तोंड लावतो. हितं त्याचंच तोंड कपाली लावलं. त्यात खोटं काय हाय?"

मागून कोणीतरी पुरुष हसला, "बीयेसी झाली, आता आमाला फोटू लावायला शिकवनार."

दादूस खांबाला टेकून उभा होता. त्याने त्या माणसाला गप्प केलं आणि मला म्हणाला, "तू बोल्लीस ना, खातं वापर. मी समद्यांना सांगलं, बाय बोल्ली खातं वापरा."

मी त्याला बाजूला घेऊन सगळं समजावलं. त्याला कळलंही. पण रिपोर्टसाठी खात्यांची माहिती आधीच उचलली गेली होती. दोन दिवसांनी निकाल आला. शंभरपैकी सहा. खाली शेरा, बहुतांश फॉलोअर संघटित किंवा विकत घेतलेले असण्याची दाट शक्यता.

फाईल माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाने केली होती. मी शिकवलेला मुलगा. त्याने एकही चूक केली नव्हती. मी त्याच्या जागी असते तर माझाही आकडा तोच आला असता, कदाचित पाच.

मी मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, डोंबिवलीच्या, कामाला कडक, माणूस म्हणून चांगल्या.

"मॅडम, ही माणसं खरी आहेत. मी यांना ओळखते. ही बघा, ही माझी आई आहे."

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीनवर फेटेवाला दादूस होता.

"ही तुझी आई?"

"फोटो त्याचा आहे. खातं आईचं आहे."

"बघ, तुझी आई खरी आहे हे मला मान्य आहे," मॅडम म्हणाल्या. "पण उद्या दुसरा इच्छुक येऊन म्हणाला, माझीही सगळी खरी आहेत, मी ओळखतो यांना, तर मी काय करू? त्याच्या आईचाही फोटो बघायला जाऊ?"

हाच प्रश्न मी स्वतः नवीन मुलांना विचारत आले होते. मॅडमनीच मग सांगितलं की अर्जदाराला एकदा फेरतपासणी मागता येते, आठ दिवसांत. त्याआधी संशयित खाती काढून टाकायची.

"काढून टाकायची म्हणजे?"

"त्यांनी त्याला अनफॉलो करायचं. उरतील त्यांच्यावर नवा स्कोअर."

त्या आठ दिवसांत जे व्हायला नको होतं ते झालं. रिपोर्टचा फोटो कुठून तरी बाहेर फुटला. आमच्या ऑफिसातून नाही, हे मी खात्रीने सांगू शकते, पण पक्षाच्या कार्यालयात शंभर हात असतात. सकाळी तो गावाच्या ग्रुपवर होता. वर लिहिलेलं, "दादूसचे विकतचे भक्त." पाठवणारा नंबर कोणाच्याच ओळखीचा नव्हता. त्याच तिकिटासाठी टॉवरमधला एक व्यापारी रांगेत होता. त्याची माणसं हे बघून खूष होती, एवढं मला माहीत आहे, त्याच्यापुढचं माहीत नाही.

पहिल्या दिवशी गाव चिडलं. दुसऱ्या दिवशी चेष्टा सुरू झाली. नाक्यावर चहाच्या टपरीशी कोणी म्हणे, "दादूस, माझा भाव काय लावलास रं?" दुसरा म्हणे, "माझं पैसं आलंच नाय अजून." हसायचे सगळे, दादूसही हसायचा. तिसऱ्या दिवशी त्याच टपरीवर एकाने माझ्या बाबांना हळू आवाजात विचारलं, "खरंच काही घेतलं होतं का त्याने बाहेरून?" या माणसाच्या स्वतःच्या खात्यावर दादूसचा फोटो होता. रिपोर्टात ज्यांना खोटं म्हटलं होतं त्यात तो स्वतः होता. पण छापलेल्या कागदावर लिहिलंय म्हणजे कुठेतरी काहीतरी असेलच, असं त्याला वाटायला लागलं होतं. स्वतःला सोडून बाकीचे खोटे असतील, असं प्रत्येकाला वाटत होतं.

दादूसने फेरतपासणी मागितली, आणि खात्यांची साफसफाई करायला मी शनिवारी सुट्टी टाकून गेले. दुपारची वेळ, देवळाच्या सभामंडपात पंखे गरगरत होते. पुरुषांनी आपापलं घरी करून टाकलं होतं. बायकांना ते जमत नव्हतं, म्हणून त्या फोन घेऊन माझ्यापुढे येऊन बसल्या. मी एकेक फोन घेत होते, दादूसचं पान उघडत होते, बटण दाबत होते, फोन परत देत होते. बँकेत पासबुक भरून घ्यायला बसावं तशा त्या बसल्या होत्या. आमच्या बायका चार जणी जमल्या तरी शेजारचं गाव ऐकतं, आणि त्या दिवशी मला पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

एक आत्या म्हणाली, "म्हंजे आता मी दादूसला सोरला?"

"फोनवरच, आत्या."

"मंग फोनवर कशाला धरलेला?"

ज्या काकूने मला बॅनरचं सुनावलं होतं ती शेवटी आली. तिने फोन दिला नाही. पदराखाली धरून बसली.

"मी नाय काढनार."

"काकू, सगळ्यांनी काढलंय."

"काढू दे. माझा मालक गेला तवा माझी पोरं दुबईला. याने खांदा दिला, याने आग दिली. मशीन बोल्लं मी खोटी, म्हनून मी खोटी? तुझ्या मशीनला सांग, ये म्हनावं माझ्या घरी."

बाकीच्या बायका खाली बघत होत्या. ज्यांनी काढलं होतं त्यांना ते लागलं होतं, हे मला दिसत होतं.

दादूस इतका वेळ बाहेर पायरीवर बसला होता. तो आत आला, काकूसमोर उकिडवा बसला.

"काकूस, काढ."

"तू बोलतंस?"

"मीच बोलतंय."

काकूने फोन माझ्याकडे नाही, त्याच्याकडे दिला. त्याने स्वतःच्या अंगठ्याने बटण दाबलं. फोन परत देताना त्याने तो शर्टाला पुसला, का ते मला कळलं नाही. मग उठून कोणाकडेही न बघता बाहेर गेला. त्याच्या चपला पायरीशीच राहिल्या, आईने त्या संध्याकाळी घरी पोचवल्या.

फेरतपासणीत स्कोअर एकसष्ट आला. दादूसचा एकसष्ट. ज्यांच्यावर तो आला ती माणसं मी बघितली. कळंबोलीचं मोबाईल कव्हरवाल्याचं दुकान. विनोद टाकणारी दोन पानं. द्रोणागिरीच्या गोदामात काम करणारा कोणी, त्याला बोटींचे फोटो आवडायचे. दोघंतिघं परराज्यातले, एकदा दादूसने टाकलेल्या मोठ्या घोळ माशाचा व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, शब्द वेगळे, वेळ वेगळी. सगळी अस्सल. यातल्या एकानेही दादूसला कधी पाहिलं नव्हतं आणि आमच्या प्रभागात एकाचंही मत नव्हतं.

मी हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपण मतं मोजत नाही." तेही बरोबर होतं.

एकसष्टवर त्याला मुलाखतीला बोलावलं. मुलाखत पाच मिनिटं. तिथल्या एकाने विचारलं, "तुमच्या गावातलं कोणीच तुम्हाला फॉलो करत नाही, असं कसं?" दादूसने काय उत्तर दिलं ते त्याने सांगितलं नाही. वहिनीला एवढंच म्हणाला, "त्यांनी इचारलं ते बराबरच इचारलं." तिकीट टॉवरमधल्या व्यापाऱ्याला गेलं. अपक्ष उभं राहा म्हणून दोनचार जण त्याच्या घरी गेले, तो म्हणाला बघू. मग अर्जाची तारीख निघून गेली.

मला वाटलं होतं, तिकीट गेलं तर गेलं, आता लोक परत येतील. एक बटण तर दाबायचं होतं. कोणी आलं नाही. कोणाला राग होता असंही नाही. आईला मी विचारलं तर ती म्हणाली, "त्याने सोताच काढायला लावला. परत कसा धरायचा? बोलावल्याशिवाय कोन जातंय?" आणि दादूस बोलावणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी त्याला दोनदा फोन केला. "तू तुझं काम केलंस, बाय," तो म्हणाला. "तुला कोन काय बोल्लं का? बोल्लं तं मना सांग."

कोणी काही बोललं नव्हतं. गावात मला अजूनही मान आहे.

व्यापारी निवडून आला. प्रचारात त्याने दोन मुली गावात पाठवल्या होत्या, चांगल्या शिकलेल्या, गोड बोलणाऱ्या. हळदीकुंकवाला बसलेल्या बायकांचे फोन घेऊन त्यांनी एकेकीचं खातं नीट करून दिलं. प्रत्येकीचा तिच्या अंगणात उभं करून फोटो काढला. काय लिहायचं ते प्रत्येकीला वेगळं सांगितलं, आणि जेव्हा सवड होईल तेव्हा लिहा म्हणाल्या. आमच्या रिपोर्टमध्ये काय काय धरतात हे त्यांना पाठ होतं.

निवडणुकीनंतर महिन्याभराने त्या नगरसेवकाचं खातं पक्षाकडून नेहमीच्या तपासणीला आलं. हा काही माझा नातेवाईक नाही, त्यामुळे फाईल माझ्याकडे. खाली खाली जाताना एका फोटोवर मी थांबले. तुळशीशेजारी, हिरवी साडी, डोक्यावर पदर नीट घेतलेला. माझी आई. खाली तिचे शब्द, "पाण्याचं काम केलं, आभारी आहोत." सिस्टिमने तिच्यापुढे खरी अशी खूण केली होती.

मी तिला फोन लावला.

"आये, तू त्यांना फॉलो करतेस?"

"समद्या करतात. नलाला पानी येत नव्हतं, बाय. आता सकालचं तरी येतं." मग तिनेच विचारलं, "का? परत चुकलं काय?"

"नाही. या वेळी बरोबर आहे."

"फोटू चांगला आलाय ना?"

"चांगला आलाय."

"ते नलाचं पन दादूसनीच लिहून दिलं व्हतं," ती म्हणाली. "अर्ज त्याचाच. हे मेले फक्त पाइप घेऊन आले." पलीकडे नळाचा आवाज येत होता. "त्याला बोल्ली मी, चल ना उद्घाटनाला. तं बोल्ला, मी कोन?"

मी फोन ठेवला. स्कोअर अठ्ठ्याहत्तर आला. दोनदा तपासला, तेवढाच येत होता. मी फाईल पुढे पाठवली.